मी न पाहिलेली तेलाची विहीर

तेलाची विहीर मी अजून पाहिलेली नाही, आणि हे वाक्य लिहितानाही मला राग येतो. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांची एक कंपनी आहे. तिच्या प्रयोगशाळेत माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि त्यातला बराचसा काळ खडकातून तेल बाहेर कसं काढायचं या एकाच विचारात. माझ्या बोटांना क्रूडचा वास कायमचा चिकटलाय. कणिक मळायच्या आधी मी लिंबाची फोड घेऊन हात चोळते, तरी पहिला घास घेतला की नवरा मुद्दाम नाक ओढतो आणि म्हणतो, आज पोळी विहिरीतली दिसते. तर ज्या विहिरींसाठी हा वास अंगाला लावून घेतला, त्यातली एकही मी डोळ्यांनी पाहिली नाही. माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी कामाला लागलेली एक मुलगी मात्र ती पाहून आली.

आधी काम सांगते, नाहीतर माझं दुखणं कळायचं नाही. जमिनीखाली तेलाचं तळं असतं आणि वरून नळी घातली की ते वर येतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. तेल दगडाच्या आत असतं. काही दगड मोकळे असतात, ते तेल सहज सोडतात. काही इतके घट्ट असतात की त्यांच्यात छिद्रं आहेत यावर नुसत्या डोळ्यांचा विश्वास बसत नाही. अशा खडकात विहीर खणतात, दाब देऊन त्याला भेगा पाडतात, भेगांच्या काठचं तेल काही दिवस येतं आणि मग विहीर रुसते. बाकीचं सगळं तेल आतच बसून राहतं. ते काढायला आम्ही खाऱ्या पाण्यात साबणाच्या जातीचं एक रसायन अगदी थोडं मिसळतो. तेलाने माखलेला दगड एरवी पाण्याला दारात उभं करत नाही. हे रसायन त्याचं मन वळवतं. पाणी हळूहळू आत शिरतं आणि तेलाला जागा सोडावी लागते.

हे आम्ही बघतो कसं, तर विहिरीच्या पोटातून काढलेला खडकाचा तुकडा घेतो, अंगठ्याएवढा, गोल, दोन्ही टोकं सपाट कापलेला. त्याला आम्ही कोअर म्हणतो. तो कोअर आधी तेलात मुरवायचा, लोणचं मुरवावं तसा, आठवडेच्या आठवडे. मग एका काचेच्या भांड्यात ठेवायचा, भांडं रसायनाच्या पाण्याने काठोकाठ भरायचं आणि जमिनीखाली असतो तेवढ्या उष्णतेत ओव्हनमध्ये ठेवून द्यायचं. भांड्याला वर एक बारीक मान असते, तिच्यावर रेघा असतात. दगडातून तेल सुटलं की दगडाच्या अंगावर घामासारखे थेंब दिसतात, ते सुटून वर चढतात आणि त्या मानेत जमतात. रोज जायचं आणि रेघ वाचायची. एवढंच काम. पण हे एवढंच काम करताना मी दिवाळ्या विसरले आहे.

ती मुलगी पेणची. घरी गणपतींचा कारखाना, वडील गेल्यापासून आई चालवते. ती रोज कंपनीच्या बसने गडब, नागोठण्यावरून यायची, आणि हायवेवर बस कितीही अडकली तरी उतरायची ती झोपून ताजीतवानी झाल्यासारखी. पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणायला लागली. भांडं कसं धरायचं, कोअरच्या अंगावरचं जादा तेल कापडाने कसं टिपायचं, मानेतली रेघ वाचताना डोळा कुठे ठेवायचा, हे सगळं तिला मी शिकवलं. चांगलं शिकवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की ती शिकली.

आणि तिचा तो संथपणा. मी चहा उभ्याने पिते. ती बशीत ओतून, फुंकर मारून, खिडकीबाहेर बघत पिणार. मी एकावेळी चार भांडी लावणार. ती एक लावणार आणि पुढच्या भांड्याकडे वळण्याआधी पहिल्याकडे उगीच बघत उभी राहणार. मला वाटायचं, ही पोरगी एक दिवस माझा जीव घेणार. प्रयोगशाळेचे साहेब मात्र म्हणायचे, हिचा हात स्थिर आहे. माझ्या हाताबद्दल इतक्या वर्षांत ते कधी काही बोलले नव्हते. मला वाटलं होतं, बोलण्यासारखं काही नसेल म्हणून बोलत नसतील.

त्या वर्षी ऐन पावसाळ्यात साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. वाळवंटातल्या एका विहिरीचं काम आलं होतं. घट्ट खडक, रुसलेली विहीर. तिचे कोअर लाकडी पेटीतून आमच्याकडे आले होते. साहेब म्हणाले, तुम्ही दोघींनी आपापलं मिश्रण बनवा. जिचं मिश्रण जास्त तेल काढेल ते विहिरीत जाईल, आणि मिश्रणाबरोबर ती स्वतः जाईल. तिथे राहायला आणि कामाच्या जागेवर आपल्याकडून एकीलाच परवानगी आहे.

माझी कानशिलं तापली. इतकी वर्षं आमची रसायनं पिंपातून जायची आणि आमचे पुरुष सहकारी बरोबर जायचे. यावेळी पहिल्यांदा प्रयोगशाळेतल्या बाईला पाठवायचं ठरलं होतं, आणि ती बाई मी असणार यात मला शंका नव्हती. घरी जाऊन मी माळ्यावरची मोठी बॅग खाली काढून पुसूनसुद्धा ठेवली. नवरा डोलवीच्या पोलाद कारखान्यात आहे, तो शिफ्टवरून आला आणि बॅग बघून म्हणाला, माहेरी निघालीस की काय. मी म्हटलं, विहिरीवर निघालेय. तो म्हणाला, रोज मी भट्टी बघतो, तुला हवी तर ती दाखवतो, पाणी प्यायला परत घरी येता येईल. त्याला चेष्टा सुचत होती.

आम्ही दोघींनी भांडी लावली. माझा ओव्हन वेगळा, तिचा वेगळा, दोन्ही एकाच भिंतीला लागून. माझं मिश्रण पहिल्याच आठवड्यात धावत सुटलं. दगडाला घाम फुटला म्हणजे किती फुटावा, काचेला नाक लावून बघत राहावं असं वाटायचं. तिचं मिश्रण तिच्यासारखंच. एक थेंब दगडाच्या कडेला लोंबकळत असायचा आणि दुपारपर्यंत तिथेच असायचा. पुढे माझंही थांबलं, सगळीच मिश्रणं कुठेतरी थांबतात, पण मी पुढे होते आणि चांगली पुढे होते. मी तिला म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या आवाजात किती गोडवा होता ते मलाच ऐकू आलं.

मग खंडेनवमी आली. आमच्या कंपनीत त्या दिवशी मशीनची पूजा होते. पंप, मिक्सर, वजनकाटे, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं, पेढे. प्रयोगशाळेतही करतो. पण आम्ही पूजा करतो ती चालू उपकरणांची. ओव्हनच्या हँडलला हार घातला, नमस्कार केला, की पुन्हा कामाला लागायचं. इतक्या आठवड्यांच्या प्रयोगाला मधेच बंद करण्याइतकं भाविक कोणी नव्हतं.

तिने तिचा ओव्हन बंद केला. आधी झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, मग शांतपणे मागे हात घालून बटण दाबलं. मी बघत होते. तिच्या घरी खंडेनवमीला साचे, कोरण्या, ब्रश, रंगाचे कॉम्प्रेसर सगळं धुऊन पाटावर मांडतात आणि दसऱ्यापर्यंत त्याला हात लावत नाहीत, हे तिने मला सांगितलं. काम कितीही अंगावर आलेलं असो, त्या दिवशी हत्याराने विसावा घ्यायचा. मी विचारलं, प्रयोगाचं काय? ती म्हणाली, "आमच्याकडे आजच्या दिवशी हत्यार चालवत नाहीत, ताई. एक दिवस थांबलं तर काय होतंय?"

काय होतं ते मला चांगलं माहीत होतं. ओव्हन थंड होणार, तेल आकसणार, दगड आकसणार, सगळे आकडे विस्कटणार. वडीलधारी म्हणून मी तिला अडवायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मी तिला सांगितलं, साहेबांना विचार. ती विचारून आली, साहेब हो म्हणाले होते, सणाच्या दिवशी त्यांना कोणाशी वाद नको होता. मग माझ्या मनात जो आनंद झाला तो लपवायला मी पेढा तोंडात टाकला. स्पर्धा तिने स्वतःच संपवली होती, तीही देवाचं नाव घेऊन.

दसऱ्याला सुट्टी होती, तरी मी माझी रेघ वाचायला गेले. मी रोह्यातच राहते, नदीच्या अलीकडे, मला जवळ पडतं. माझा ओव्हन गुणी बाळासारखा गरम होता. तिच्या ओव्हनचं दार उघडून पाहिलं तर आत थंडगार, आणि भांड्याच्या मानेतलं तेल खाली उतरलेलं. मी दार लावलं, हार सरळ केला आणि घरी येऊन श्रीखंड खाल्लं.

दुसऱ्या दिवशी तिने बटण चालू केलं. दुपारनंतर ओव्हन पुन्हा पहिल्याइतका तापला आणि तिने मला हाक मारली, ताई, जरा ये. मी गेले. तिच्या दगडाला घाम फुटला होता. नुसत्या कडेला नाही, सगळ्या अंगाला. मानेतलं तेल सणाच्या आधी होतं त्याच्या वर गेलं होतं आणि आमच्या डोळ्यांदेखत आणखी एक थेंब सुटला, वर गेला आणि मिसळला. पुढचे काही दिवस ते चालूच राहिलं, आणि एका सकाळी तिची रेघ माझ्या रेघेच्या वर होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे मी नुसतं म्हणायचं म्हणून लिहीत नाही. मला खरोखर जेवण जाईना. नवऱ्याने डबा परत आलेला पाहून विचारलं तेव्हा मी त्याच्यावर ओरडले, आणि मग दगडाबद्दल, ओव्हनबद्दल, पेणबद्दल, सगळ्यांबद्दल बोलत सुटले. मी आयुष्यभर ओव्हन एका मिनिटासाठीही बंद पडू नये म्हणून जिवाचं रान केलं. लाइट गेली की जनरेटरच्या माणसाच्या मागे पळत गेले. आणि हिने तो फुलं वाहून बंद केला, घरी जाऊन आपट्याची पानं वाटली आणि वर आली. मेहनतीने हरवलं असतं तर इतकं लागलं नसतं. सुट्टीने हरवलं.

मी साहेबांकडे गेले. मी म्हटलं, हे काही खरं नाही, हा थंड-गरमचा खेळ आहे. थंड झाल्यावर दगडातलं तेल आकसतं, त्या जागी पाणी ओढलं जातं, तापवलं की तेल फुगतं आणि बाहेर येतं. वाळवंटातल्या विहिरीला काय थंड करणार आहोत का आपण? साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, पण मोजमाप तर दोन्ही वेळा त्याच तापमानाला झालंय, मग नुसत्या फुगण्याने वाढलेलं तेल ते नव्हे. आत ओढल्या गेलेल्या पाण्याने आतून काहीतरी सोडवलंय. मग ते म्हणाले, विहीर थंड करता येत नाही, पण बंद करता येते. दाब देऊन मिश्रण आत ढकलायचं, विहीर काही दिवस बंद ठेवायची, मग उघडायची. तुम्ही हे करून बघा. दोघींचीही मिश्रणं, सारख्याच दगडावर, विसावा देऊन. तुम्हीच करा, म्हणजे तुमच्या मनात काही राहणार नाही.

माझ्या मनात काय होतं ते त्यांना ठाऊक असावं. पण मला त्यांच्या बोलण्यात माझा मार्ग दिसला. विसाव्याने तिचं मिश्रण वर आलं असेल तर माझंही येईल, आणि माझं तर मुळातच पुढे होतं. म्हणजे बॅग अजून माळ्यावर टाकायची वेळ आली नव्हती.

मी पोलादाच्या जाड भांड्यात दोन्ही मिश्रणं लावली. दाब देऊन आत ढकललं, झडप बंद केली, वाट पाहिली, हळूहळू उघडलं, बाहेर आलेलं तेल मोजलं, आणि पुन्हा. तिच्या मिश्रणाच्या बाबतीत मी एकही गोष्ट कमीजास्त केली नाही. करावंसं वाटलं नाही असं नाही. पण मग जिंकले तरी ते मला स्वतःला कळणार नव्हतं, आणि मला तर कळायलाच हवं होतं. काम चालू असताना ती मधून मधून येऊन उभी राहायची. एकदा तिने माझ्यासाठी चहा आणला, बशीसकट. मी उभ्यानेच प्यायले.

माझ्या मिश्रणाला विसाव्याने फारसा फरक पडला नाही. ते जे द्यायचं ते पहिल्या उत्साहात देऊन मोकळं झालं होतं. भेगेच्या काठचं तेल त्याने भराभर सोडवलं आणि तिथेच आपली ताकद संपवली. तिचं मिश्रण काठाशी घुटमळत नव्हतं, ते सावकाश आत जात होतं, आणि त्याला वेळ दिला की आतलं घेऊन येत होतं. प्रत्येक विसाव्यानंतर थोडं आणखी. शेवटचं तेल मी दोनदा मोजलं, मग पंखा बंद करून तिसऱ्यांदा मोजलं. ते तेवढंच होतं. साहेबांना आकडे दिले तेव्हा मी त्यांच्याकडे न बघता टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

तर अशा रीतीने, माझ्याच हाताने, ती विहिरीवर निघाली.

जायच्या आधीच्या रविवारी तिच्या आईने मला पेणला जेवायला बोलावलं. मला जायचं नव्हतं. न जाण्याचं कारण सांगता येईना म्हणून गेले. कारखाना घरालाच लागून, पत्र्याचा, आणि मंडपाएवढा लांब. सण होऊन गेला होता तरी पुढच्या वर्षीच्या मूर्तींना सुरुवात झाली होती, बिनरंगाचे पांढरे गणपती ओळीने वाळत होते. तिची आई हातावरचं प्लास्टर धुऊन पदराला हात पुसत आली. "ये गो बाय, बस," ती म्हणाली. "तुझंच नाव ऐकतंय रोज घरात. ताईने हे शिकवलं, ताईने ते शिकवलं."

जेवणात वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. मी जेवले, कारण बिरडं फार चांगलं होतं आणि त्याचाही मला राग आला. मुलगी आत बॅग भरत होती. आई माझ्यासमोर बसून वाढत होती आणि तिला एकच काळजी होती. तिने विचारलं, ती विहीर असते तरी कशी? कठडा असतो का, पोरगी वाकून बघायला गेली तर पडायची भीती हाय का?

मी सांगायला तोंड उघडलं. पुस्तकातली चित्रं मला पाठ होती. नळ्यांचे व्यास पाठ होते, खोली पाठ होती, खालच्या खडकाचा तर मी वास ओळखत होते. पण ती बाई ज्या नजरेने विचारत होती त्या नजरेला पुस्तकातलं काही सांगता येईना. मी म्हटलं, मीसुद्धा पाहिलेली नाही.

तिचा वाढता हात थांबला. "इतकी वर्षं झाली ना गो तुला?" ती म्हणाली. "आन् बघितलीस नाय?" मग तिने मुलीला आतून हाक मारली आणि म्हणाली, ताईला पण घेऊन जा की बरोबर. मुलगी दारात आली, म्हणाली, आई, एकीलाच जागा आहे. आणि माझ्याकडे बघेना.

त्या क्षणी मला तिचा इतका हेवा वाटला की ताटातली भाकरी मोडवेना. नोकरीचा नाही, बढतीचा नाही, साहेबांच्या शब्दाचासुद्धा नाही. फक्त त्या दोन डोळ्यांचा, जे आठवड्याभरात तिथे असणार होते. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी डोलवीच्या चिमण्या मागे जाताना बघितल्या आणि तिच्या आईने निघताना दिलेले तिळाचे लाडू घरी पोहोचेपर्यंत एकटीने संपवले.

ती गेली. मिश्रण विहिरीत ढकललं गेलं आणि विहीर बंद झाली. कामाच्या कुंपणाच्या आत फोन नेता येत नाही, ठिणगीची भीती असते, आणि फोटोला तर बंदीच. ती कुंपणाबाहेरच्या केबिनमधून मला फोन करायची. तिने साहेबांनाही केले असतील. मला करायची ते कामाचे म्हणून, आणि मी उचलायचे तेही कामाचे म्हणून.

एका दुपारी तिचा आवाज वेगळा वाटला. तिथल्या इंजिनिअरना घाई झाली होती. विहीर बंद ठेवणं म्हणजे रोजचं नुकसान, आता उघडूया असं त्यांचं म्हणणं होतं. ती एकटी, वयाने लहान, सगळे तिच्याकडे बघून हसत होते, आणि साहेब त्या दिवशी प्रवासात होते, फोन लागत नव्हता. ती म्हणाली, "ताई, काय सांगू त्यांना? उघडू देऊ?"

मी पोलादाच्या भांड्यासमोरच बसले होते. झडप लवकर उघडली तर काय होतं ते फक्त मला माहीत होतं, कारण ते मी केलं होतं: मिश्रण जसं गेलं तसं परत येतं, फेसासकट, आणि तेल आतच राहतं. मी हो म्हटलं असतं तर तिला ते खरंच वाटलं असतं. माझ्या मनात हे आलं. येणारच. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं, की ही विहीर फसली तर आमच्याकडून बाई काय, पिंपसुद्धा पुन्हा कोणी मागवणार नाही. तिच्या विहिरीशिवाय मला माझ्या विहिरीपर्यंत पोचवणारा दुसरा रस्ता नव्हता. तेव्हा मी चांगुलपणा दाखवला असं कोणी समजू नये.

मी म्हटलं, "अजिबात उघडू देऊ नकोस. ऐकत नसतील तर फोन त्यांना दे."

तिने दिला. मी त्या माणसाशी माझ्या मोडक्या हिंदीत बोलले, आणि माझा आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतले लोक दारात आले. मी काय मोजलंय, किती वेळा मोजलंय, लवकर उघडल्यावर काय हाती आलं, सगळं सांगितलं. शेवटी त्याने विचारलं, आपण कोण? मी माझं पद सांगितलं नाही. मी म्हटलं, तुमच्या त्या विहिरीचे दगड माझ्या कपाटात आहेत. तो हसला, पण त्याने ऐकलं.

विहीर ठरल्याप्रमाणे बंद राहिली आणि ठरल्याप्रमाणे उघडली. त्या दिवशी माझं कशात लक्ष नव्हतं. रेघा वाचायच्या राहिल्या, मिठाचं पाणी दोनदा चुकलं. माझ्या मनाचा एक तुकडा ती हरावी म्हणत होता आणि दुसरा झडपेला कान लावून बसला होता. संध्याकाळी सगळे बसकडे निघाले तरी मी टेबलापाशीच होते, तेव्हा फोन आला.

तिने आधी काही सांगितलंच नाही, नुसतं ताई, ताई करत राहिली. मग म्हणाली, आलं. आधी पाणी आलं, मग पाण्याबरोबर तेल, आणि दुपारपासून तेल वाढतच चाललंय. ते इंजिनिअर आता तिला मॅडम म्हणायला लागले होते. मी बरं म्हटलं. मग मी तिला किती तेल, किती पाणी, दाब किती, काही विचारलं नाही. ते सगळं येणाऱ्या अहवालात असणार होतं. मी विचारलं, "कशी दिसते?"

"काय?"

"विहीर."

माझं मन तिला कळत होतं, कळत नव्हतं असं नाही, आणि म्हणून ती मला बरं वाटेल असं काहीतरी शोधत असावी. "काही नाही गं ताई," ती म्हणाली. "चार झडपा, एक नळ्यांचा खांब आणि कुंपण. वाळू. बघण्यासारखं काही नाही, खरंच."

केबिनच्या खिडकीतून तिला ती विहीर तेव्हाही दिसत असणार. ती बोलत होती माझ्याशी आणि डोळे होते तिकडे. बघण्यासारखं काही नाही असं म्हणायलाही आधी तिथे जावं लागतं, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. मी पाण्याचा एक घोट घेतला.

"ते माझं मी बघून ठरवीन," मी म्हणाले.